लिडियाकरांच्या बाजूनं

आक्का,

तीन आठवड्यांपूर्वी रविवारी सकाळी मी बेळगावच्या स्टँडवर निपाणीच्या बसमध्ये चढले, खिडकीची जागा धरली, पिशवीतली वही काढून मांडीवर घेतली, आणि संकेश्वर मागं पडेपर्यंत मला आठवलंच नाही की तू नाहीस. तू जाऊन तेव्हा सव्वीस दिवस झाले होते. पायांना कुणी सांगितलं नव्हतं.

उसाला तुरे आले होते. दोन्ही बाजूंना ते पांढुरकं, धुरासारखं हलत होतं आणि खिडकीतून येणारं ऊन अंगावर पडून डोळे जड होत होते. अशा गुंगीत मला ती सात माणसं दिसली. रस्त्याच्या कडेनं, ट्रॅक्टरच्या धुळीत, कुणाच्या खांद्यावर वळकटी, कुणाच्या हातात गुंडाळलेली कातडी पानं. दोघं जरा मागं रेंगाळून बोलत चालले होते. बस पुढं गेली तरी ते मागं पडले नाहीत. मला नवल वाटलं नाही. तुझ्यासोबत इतकी वर्षं काढल्यावर ग्रीक तत्त्वज्ञ निपाणीच्या वाटेवर दिसणं मला चमत्कारिक वाटत नाही.

त्यांची गोष्ट तूच मला पहिल्यांदा सांगितलीस. अथेन्समधली तत्त्वज्ञानाची शाळा बादशहानं बंद पाडली, तेव्हा सात जण देश सोडून इराणच्या राजाकडं निघाले. राजा विद्येचा भोक्ता आहे असं त्यांनी ऐकलं होतं. तिथं गेल्यावर निराश झाले आणि परत फिरले. त्यातला एक किलिकिया प्रांतातला, विद्वान म्हणून पुढं फार नावाजला. दुसरा लिडियातला, त्याला कुणी फारसं ओळखत नाही. तू त्यांना आपल्याकडची आडनावंच देऊन टाकलीस. आपल्याकडं सदलग्याचा तो सदलगेकर, निपाणीचा तो निपाणीकर. तसे हे किलिकियाकर आणि लिडियाकर. आपल्या दोघींत त्यांची खरी नावं पुढं कधी आलीच नाहीत.

आत्म्याविषयीच्या एका जुन्या ग्रीक ग्रंथावर एक मोठं भाष्य आहे. हस्तलिखितांवर नाव किलिकियाकरांचं. शेकडो वर्षं सगळ्यांनी ते त्यांचंच मानलं. बेळगावच्या कॅम्पातल्या म्हाताऱ्या फादरांनी तुला ग्रीक शिकवलं आणि स्वतःजवळचा त्या भाष्याचा जाडजूड छापील ग्रंथ जाताना तुला देऊन टाकला. निपाणीच्या कॉलेजात तत्त्वज्ञान शिकवणारी, सदलग्याच्या शेतकऱ्याची मुलगी, दर रविवारी बेळगावला जाऊन एका पाद्र्याकडून ग्रीक शिकते, याची तेव्हा निपाणीत चेष्टा व्हायची. मी तुझ्या वर्गात होते, मी ती ऐकलीय. तुलाही ऐकू येत असणार. तू फक्त छत्री घेऊन बस गाठायचीस.

फादर गेल्यावर तू मला धरलंस. मी तेव्हा एम.ए. होऊन बेळगावात तात्पुरत्या नोकरीवर लागले होते. एका रविवारी निपाणीतल्या तुझ्या भाड्याच्या खोलीत तू तो ग्रंथ उघडलास आणि म्हणालीस, "एकटीनं वाचलं की चुका दिसत न्हाईत. तू बस समोर."

मी अकरा वर्षं समोर बसले.

पहिल्या वर्षी मला अक्षरं लागत नव्हती. तू घाई केली नाहीस. ग्रीकमध्ये छोटी छोटी अव्ययं असतात, त्यांना नेमका अर्थ नसतो, पण वाक्याचा सूर तेच धरतात. मी कोशात शोधत बसले होते, तर तू म्हणालीस की कोश मीट, हा आपला 'की' आहे, 'आलो की', 'हाय की' मधला. दुसरं एक 'न्हवं' झालं. एकाला तर मराठीत जागाच सापडेना, तेव्हा तू कन्नडमधलं 'अल्वा', म्हणजे आपलं 'नाही का', आणून बसवलंस आणि स्वतःच खुश होऊन चहा ठेवायला उठलीस. त्या दुपारी दीड हजार वर्षांपूर्वीचा तो माणूस पहिल्यांदा बोलायला लागला. आधी तो नुसता छापलेला होता.

आणि तो बोलायला लागला म्हणूनच तुला शंका आली.

तुझं म्हणणं असं की या भाष्यकाराला एक खोड आहे. तो काहीतरी ठाम सांगतो, आणि लगेच स्वतःलाच अडवतो: 'किंवा खरं तर असं म्हणू या'. किलिकियाकरांची बाकीची पुस्तकं तू फादरांच्या ओळखीनं मागवून पाहिलीस. तिथं माणूस सरळ चालतो, मागं वळून बघत नाही. "ह्यो तो न्हवं," तू म्हणालीस. मग एके ठिकाणी भाष्यकार सांगतो की ही गोष्ट मी माझ्या अमुक सारांशात स्पष्ट केलीय, आणि तसा सारांश आज आहे तो लिडियाकरांच्या नावावर. ते सापडलं त्या रविवारी तू जेवायचं विसरलीस. आपण दोघी, निपाणीत, जगाला माहीत नसलेलं काहीतरी शोधून काढलंय असं आपल्याला पुढचे दोन महिने वाटत होतं.

मग मी बेळगावात इंटरनेटवर शोधलं. युरोपातल्या पंडितांत हा वाद कित्येक वर्षं चालू होता. तुझा पुरावाही त्यांच्याकडं होता. बसमध्ये मी तुला कसं सांगायचं याचाच विचार करत होते. तू ऐकलंस, चष्मा काढून पुसलास आणि इतकी हसलीस की शेजारची बाई बघायला आली. "म्हंजे आपन वेड्या न्हाय," असं म्हणालीस. फक्त ती खोड, ते 'किंवा खरं तर असं म्हणू या', त्याचा हिशेब कुणी मांडलेला मला दिसला नाही. तेवढं तुझं उरलं होतं.

मला आईची ती दुपारही आठवते. तू आमच्या घरी आलीस, आमच्या वस्तीत, आणि आईच्या समोर जमिनीवर बसलीस. आई विड्यांचा ढीग निवडत होती. शेजारच्या चारजणींच्या विड्या त्यात मिसळल्या होत्या आणि ती एकेक उचलून बाजूला ठेवत होती, ही शेवंताची, ही माझी, ही त्या नव्या पोरीची. तू विचारलंस की कसं ओळखता. आई म्हणाली, "विडीचं तोंड मोडायची रीत असती मॅडम. हात लपत न्हाय." तू माझ्याकडं वळून बघितलंस. परत जाताना रस्त्यात म्हणालीस की त्या सगळ्या पंडितांना तुझ्या आईपुढं आणून बसवायला पाहिजे.

मी मात्र तुझ्याशी भांडत राहिले. मी किलिकियाकरांच्या बाजूची. माणूस तरुणपणी एक लिहितो, म्हातारपणी दुसरं. विषय बदलला की भाषा बदलते. आत्म्याबद्दल लिहिताना कुणीही अडखळेल. आणि शेवटी वैतागून मी एकदा म्हणाले, की भाष्य चांगलं आहे ना, मग वर नाव कुणाचं याला काय महत्त्व? तू तेव्हा रागावली नाहीस. खिडकीतून बाहेर बघत म्हणालीस, "किलिकियाकरांना सगळं जग हाय. लिडियाकरांचं कोण हाय गं? कुणीतरी त्याच्या बाजूनं बोलाय पायजे का नको?"

हे वाक्य मी तेव्हा ऐकून सोडून दिलं. पुढं दोनच वर्षांनी मी ते केलं, जे तुला माहीत आहे.

कॉलेजात कायम व्हायचं होतं. परदेशी नियतकालिकात एक लेख पाहिजे होता. मी रात्रंदिवस खपून इंग्रजीत लेख लिहिला, आणि लेखाचा कणा तीच खोड होती. उदाहरणं तू काढलेली. मोजदाद आपण दोघींनी केलेली, पण कुठं मोजायचं ते तू सांगितलेलं. लेखाला नाव माझं एकटीचं दिलं. तळटीपेत बारीक अक्षरात लिहिलं, 'चर्चेबद्दल आभार', पुढं तुझं नाव. निष्कर्षात तर मी मखलाशी केली. या खोडीवरून काहीच ठामपणे सिद्ध होत नाही, असं लिहून मी माझा पक्षही राखला.

कारणं माझ्याकडं होती. आमच्या घरात छापलेलं ते पहिलं नाव. आईनं आयुष्यभर वळलेल्या विड्यांच्या कट्ट्यांवर दुसऱ्याचंच लेबल लागलं. लेखाचं पहिलं पान मी तिला दाखवलं तेव्हा तिनं माझ्या नावावरून बोट फिरवलं, आणि आठवड्यात ते पान काचेत घालून भिंतीवर लावलं. दुसरं नाव तिथं मावलं नसतं असं नाही. पण मला ते नको होतं, आक्का. हे मी आज पहिल्यांदा लिहितेय.

तुला प्रत दिली तो रविवार. तू तेव्हा रिटायर होऊन सदलग्याला भावाकडं राहायला गेली होतीस. मोतीबिंदूनं डोळे गढूळ झाले होते, वाचायचं मी आणि ऐकायचं तू असं चाललं होतं. त्या दिवशी मात्र तू पानं माझ्या हातून काढून घेतलीस आणि दारातल्या उजेडात, डोळ्याला चिकटवून, सगळी स्वतः वाचलीस. मला वाटतं तास गेला असेल. मग म्हणालीस, इंग्रजी चांगलं झालंय तुझं. मी काहीतरी पुटपुटले की त्यात तुझंही बरंच आहे. तू म्हणालीस, "तूच लिवलंस की."

त्या 'की'वर मी सात वर्षं काढली. तो 'की' कसला होता? कौतुकाचा, की 'ते माझं न्हवंच' म्हणून मला मोकळं करणारा, की सरळ चापट? तूच मला शिकवलं होतंस की त्याला अर्थ नसतो, सूर असतो. मला सोयीचा सूर मी ऐकला. पुढच्या रविवारी मी आले, तू ग्रंथ उघडायला सांगितलास, आपण पुढं वाचायला लागलो. मी मनात म्हटलं, आक्काला काही वाटलं नाही.

त्या रविवारी निपाणीच्या स्टँडवर उतरल्यावर परत फिरणारच होते. पण समोर सदलग्याची बस उभी होती. तुझ्या भावाच्या घरी वैनी दारातच कडधान्य पाखडत बसल्या होत्या. मला बघून त्यांना आश्चर्य वाटलं नाही. रविवार होता. त्यांनी पाणी दिलं, तुझी खोली उघडून दिली आणि म्हणाल्या की पुस्तकं न्यायची असतील तर ने, इथं वाळवी लागेल.

चौदा वह्या निघाल्या. आपला मराठी अनुवाद, तुझे शेरे, माझ्या शंका. सगळं माझ्या अक्षरात. तुझे डोळे चांगले होते तेव्हाही तू सांगायचीस आणि मी उतरवायचे. उद्या कुणी या वह्या उघडल्या तर म्हणेल, हे सगळं नंदानं लिहिलं. त्यात तुझं असं एक अक्षर नाही.

वैनी उंबऱ्यात येऊन बसल्या. मी काही विचारलं नव्हतं. त्या आपणहून म्हणाल्या, "तू तो इंग्रजी लेख आणून दिलास ना, तवा तुझी आक्का दोन दिवस जेवली न्हवती." भाऊ विचारून दमला. तिसऱ्या दिवशी उठली, आंघोळ केली आणि म्हणाली, "नंदा रविवारी येनार. पुढचं पान बघून ठेवाय पायजे." एवढंच. परत कधी तिनं तो विषय काढला नाही, आणि वैनींनाही काढू दिला नाही.

मी तुझ्या खाटेवर बसले होते. बाहेर कुठंतरी मळणीयंत्र चालू होतं आणि तो आवाज सारखा दूर जायचा, जवळ यायचा. मला वाटलं होतं असं काही कळलं तर मी रडेन. तसं झालं नाही. उलट एक फार जुनी गाठ सैल झाल्यासारखं वाटलं. तू दुखावली होतीस. म्हणजे तू देवी नव्हतीस, म्हणजे मला तुझी माफी मागता आली असती, सात वर्षं, कुठल्याही रविवारी. मी मागितली नाही. आणि तरी तू पुढचं पान बघून ठेवत राहिलीस. यात राग किती, माया किती, हे मला वेगळं काढता येत नाही, आणि आता तू सांगायला नाहीस.

दुसऱ्या दिवशी, सोमवारी, कॉलेजातून मी त्या नियतकालिकाच्या संपादिकेला पत्र पाठवलं. सगळं लिहिलं. निरीक्षण कुणाचं, मोजायची रीत कुणाची, मी नाव का गाळलं तेही. लेखिका म्हणून तुझं नाव आधी यावं, माझं नंतर, अशी दुरुस्ती छापा म्हणून विनंती केली. चौथ्या दिवशी उत्तर आलं, सभ्य आणि सावध. दुरुस्ती करता येईल, पण हे विचार त्यांचे होते याचा काही पुरावा?

मी हसले, आक्का. कॉलेजच्या स्टाफरूममध्ये, एकटीच. मग वह्या घेऊन बसले. माझ्याच अक्षरातून तुला वेगळं काढायला लागले. तुझी वाक्यं कुठली हे मला एका नजरेत कळत होतं. तू कधी 'त्यामुळे' म्हणत नाहीस, 'म्हणून तर' म्हणतेस. शंका काढताना तू आधी उदाहरण देतेस, मी आधी नियम सांगते. पानंच्या पानं मी रंगीत पेन्सिलीनं वेगळी केली, स्कॅन करून पाठवली, सोबत कॉलेजमधल्या तुझ्या जुन्या टिपणांची चार पानं, जी तुझ्या स्वतःच्या अक्षरात आहेत आणि ज्यात तोच सूर आहे. दोन दिवसांनी संपादिकेनं कळवलं की पुढच्या अंकात छापतो. लेखिका हयात नसल्यानं जवळच्या नातेवाइकाची संमती एका कागदावर लागेल. आणि त्या कोणत्या संस्थेत होत्या ते लिहा.

रिटायर होऊन तुला आठ वर्षं झाली होती, आणि कॉलेजनं तुला त्या कामासाठी एक पुस्तकही कधी घेऊन दिलं नाही. मी संस्थेच्या रकान्यात लिहिलं, सदलगा, तालुका चिकोडी.

आईला सांगायला गेले. वाटलं होतं ती भिंतीवरचं पान उतरवेल. तिनं सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडं बघितलं आणि म्हणाली, "ते ऱ्हाऊ दे. नवं आलं की शेजारी लाव." मग विड्यांकडं वळली.

आज पुन्हा रविवार. सकाळी कागद घेऊन सदलग्याला आले. तुझा भाऊ शेतावर होता, त्यानं फोनवर सांगितलं की वैनीच करेल सही, तिनंच केलंय सगळं आक्काचं. वैनींनी हात धुतले, पदराला पुसले आणि कन्नडमध्ये, शाळेत शिकलेल्या मोठ्या गोल अक्षरांत, सावकाश नाव लिहिलं. मी कागद वाळवत धरला होता. त्यांनी विचारलं, "तिचं म्हननं खरं व्हतं का पन? ते पुस्तक त्या दुसऱ्याचंच हाय?"

दुरुस्ती छापून येईल, तुझं नाव आधी लागेल, पण त्यानं तू बरोबर ठरत नाहीस. मी वैनींना खरं सांगितलं, की मला अजून तसं वाटत नाही, वैनी. बरेच पंडित आक्काच्या बाजूचे आहेत, सगळे नाहीत. मी पण नाही. हे आमचं अर्धंच राहिलं.

वैनींनी पेनाचं टोपण लावलं. "मग भांड की तिच्याशी. थांबलीस कशाला?"

त्या चहा ठेवायला आत गेल्यात. मी तुझ्या खोलीत आहे, ग्रंथ समोर आहे.

तर आक्का, ऐक. आपण जिथं थांबलो होतो त्याच्यापुढं मी, ग्रंथ बेळगावला नेऊन, या महिन्यात एकटीनं वाचलंय. तिसऱ्या भागात, आत्मा स्वतःकडं वळतो असं तो सांगतो तिथून सलग चार पानं तुझी ती खोड दिसत नाही. एकदाही नाही. तो सरळ चालतो, मागं वळून बघत नाही. मी तीनदा मोजलंय. तुझ्या लिडियाकरांना त्या चार पानांत काय झालं, ते मला सांग.